तारेने बांधलेला जबडा आणि घरचे सहा आठवडे

पेरणी-डवरणीच्या दिवसांत आपल्या भागात जबडा मोडल्याच्या बातम्या अधूनमधून कानी येतात. दावे सोडताना बैल मान झटकतो आणि शिंगाचा फटका हनुवटीवर बसतो. ओल्या धुऱ्यावरून पाय घसरतो. अंधारात मोटारसायकलीपुढे म्हैस आडवी येते. बेला, जैनथ, तांसी या बाजूची माणसे मग आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात जातात. तेथून कोणी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची वाट धरतो, तर कोणी हैद्राबादची. शस्त्रक्रिया होते आणि चार-आठ दिवसांनी रोगी घरी परततो. दवाखान्यातले दिवस नर्सबाईंच्या हातात असतात. पुढचे सहा आठवडे मात्र घरच्या बाईमाणसांच्या हातात असतात, आणि तेच अधिक कठीण जातात. म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहोत.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची गोष्ट प्रथम सांगतो. बैलाच्या धडकेने त्याचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात वरचे व खालचे दात तारेने एकमेकांना बांधून त्याला घरी पाठवले. सोबत एक कागद व एक लहानसे तार कापायचे कटर दिले होते. कागद इंग्रजीत, तो कोणी वाचला नाही. कटर नवे व चांगले दिसले म्हणून सासूबाईंनी ते हरवू नये या विचाराने पेटीत ठेवून कुलूप लावले. चौथ्या रात्री त्याला उलटी आली. तोंड उघडत नाही, डोळे पांढरे होत आहेत, आणि किल्ली सापडत नाही! सुदैवाने बायकोने त्याला बसते करून मान खाली दाबली, आणि सगळे दातांच्या फटींतून व नाकावाटे बाहेर आले. तो वाचला. पण पुढे कितीतरी रात्री ते दोघेही झोपले नाहीत.

हे भय समजून घेतले तर निम्मे कमी होते. मोडलेले हाड जुळायचे असेल तर ते हलता कामा नये. हाताला प्लास्टर घालता येते, जबड्याला येत नाही. म्हणून दातांचाच आधार घ्यावा लागतो. दात सोन्याच्या तारेने किंवा दोऱ्याने बांधण्याची रीत ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळापासूनची आहे. वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधून जबडा बंद ठेवण्याची पद्धत अमेरिकेतील गिल्मर या वैद्याने १८८७ साली मांडली. आता पुष्कळ रोग्यांना टिटॅनियमच्या बारीक पट्ट्या व स्क्रू बसवतात. त्यांचे तोंड पूर्ण बांधावे लागत नाही, किंवा थोडे दिवस रबर लावून ठेवतात. ज्यांचे तोंड बांधले आहे त्यांना मोठ्या माणसात साधारण ४ ते ६ आठवडे तसे राहावे लागते. आपल्या रोग्याला नेमके काय केले आहे, तार आहे की रबर, हे घरी निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. कागद इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा सिस्टरांकडून तेथल्या तेथेच वाचून घ्यावा. लाज कसली?

आता उलटीविषयी. बांधलेल्या तोंडातही सर्वांत मागच्या दाढेमागे थोडी फट असते, आणि रोग्याच्या पोटात पातळ पदार्थच असतात. म्हणून उलटी आली की रोग्याला उताणे ठेवू नये. बसवून पुढे वाकवावे, डोके खाली, किंवा कुशीवर वळवून तोंड खाली करावे. गाल बोटाने बाजूला ओढून धरावा. बहुधा एवढ्यावर भागते. तरीही श्वास अडकला तर तारा कापाव्यात. वरच्या दातांकडून खालच्या दातांकडे उभ्या जाणाऱ्या तारा तेवढ्या कापायच्या. आडव्या पट्टीला हात लावायचा नाही. कोणत्या तारा ते दवाखान्यातच आरशात पाहून घ्यावे, आणि घरातील निदान दोघांना ते ठाऊक असावे. रबर असेल तर लहान कात्री पुरते. हे कटर किंवा कात्री दोऱ्याने बांधून उशापाशी खुंटीला टांगावी. रोगी शेतात किंवा मिस्सेला गेला तर ती त्याच्या खिशात असावी. तारा कापाव्या लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उलटी येऊच नये यासाठी पोट गच्च भरू नये, आणि रिकाम्या पोटी तीव्र वेदनाशामक गोळी घेऊ नये. दारू, ताडी व मोहाची तर थेंबभरही नको. कोणी म्हणेल, पातळच तर आहे! ज्याचे तोंड उघडत नाही त्याने झिंगून उलटी करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

पहिले तीन दिवस सूज वाढत जाते. घरच्यांना वाटते की काहीतरी बिघडले, पण ही सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग हळूहळू ओसरते. पहिले दोन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून बाहेरून १५-२० मिनिटे धरावा व तेवढाच वेळ काढून ठेवावा. बर्फ मिळाला नाही तर माठाच्या पाण्यात भिजवलेले फडके पुन्हा पुन्हा बदलावे. त्यानंतर कोमट शेक चालतो. झोपताना दोन-तीन उशा किंवा घडी केलेली गोधडी पाठीखाली देऊन डोके उंच ठेवावे. याने सूज व ठणका दोन्ही उतरतात. हळद, चुना, झाडपाल्याचा लेप टाक्यांवर लावू नये. जबडा चोळून बसवणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये. पट्टी व स्क्रू बसवलेले हाड एका चोळण्याने सरकू शकते. अपघात गोठ्यात झाला असेल तर धनुर्वाताची सुई घेतली होती की नाही, हेही एकदा कागदावर पाहून घ्यावे.

वेदनेची गोळी असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्यावी. पॅरासिटामोल मोठ्या माणसाला २४ तासांत ५०० मिलीग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या वर जाता कामा नये. बारीक अंगाच्या किंवा दारूची सवय असलेल्या माणसाला त्याहून कमी. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच औषध असते, ते धरून मोजावे. सर्वच गोळ्या कुटून देता येत नाहीत. पातळ औषध मागून घेतलेले बरे. खालचा ओठ व हनुवटी बधिर झाली असेल तर घाबरू नये. हाडातून जाणारी नस दुखावल्याने तसे होते, आणि बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाणीव परत येते. मात्र तोवर चटका कळत नाही, म्हणून प्रत्येक पेय वाढणाऱ्याने आपल्या मनगटावर टाकून पाहावे.

आता खाण्याकडे येऊ, कारण खरा त्रास भुकेचा आहे. भाकरीवर वाढलेला माणूस पातळावर राहिला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चार-पाच किलो वजन सहज उतरते. घरात दुधाचा चहा आणि भाताची पेज एवढेच दिले जाते, आणि हाड जुळायला जे लागते ते मिळतच नाही. पन्नास किलोच्या माणसाला या दिवसांत रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिने हवीत. हा आकडा मोठा वाटतो, पण आपल्याच शेतातून तो पुरा होतो. अर्धा लिटर दूध १६-१७ ग्रॅम देते. तीन अंडी १८ ग्रॅम देतात. ती कच्ची न देता उकडून दुधात बारीक वाटावीत व गाळावीत. मूठभर डाळीचे, म्हणजे ६० ग्रॅम तुरीचे किंवा मुगाचे वरण १३ ग्रॅमच्या आसपास देते. २५ ग्रॅम सोयाबीनचे पीठ १० ग्रॅम देते, आणि ज्वारीची आंबील उरलेले भरून काढते. सोयाबीन मात्र कच्चे दळून देऊ नये, ते पचत नाही. भिजवून, चांगले उकळून, वाळवून, भाजून मगच दळावे. शेंगदाण्याचे दूधही उत्तम. दाणे भिजवून वाटावेत व तलम फडक्यातून गाळावेत. कोंबडीचे किंवा मटणाचे पाणी रुची आणते, पण नुसत्या पाण्यात बळ कमी. त्यात शिजलेले मांस वाटून गाळावे.

सर्व पदार्थ इतके पातळ असावेत की चहाच्या गाळणीतून आपोआप उतरले पाहिजेत. प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल घालावे. दिवसातून तीन वेळा न देता सहा ते आठ वेळा थोडे थोडे द्यावे. पेल्याने पिता आले तर उत्तम. नाही आले तर मोठ्या सिरिंजला मऊ रबरी नळी लावून ती गाल व दात यांच्यामध्ये ठेवावी आणि हळूहळू दाबावी, रोगी बसलेला असताना. (गुरांना औषध पाजायची सिरिंज यासाठी घेऊ नये. हे लिहावे लागते, कारण आम्ही ते पाहिले आहे.) नळी ओढून पिणे काही डॉक्टर पहिल्या दिवसांत मना करतात; विचारून घ्यावे. मधुमेह असलेल्याने गूळ, साखर व फळांचे रस आपल्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच घ्यावेत. पातळ खाण्याने पोट साफ होत नाही, तेव्हा पाणी व ताक भरपूर द्यावे, भिजवलेल्या मनुकांचे पाणी गाळून द्यावे. इसबगोल देऊ नये. ते फुगून फटीत अडकते.

प्रत्येक खाण्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून तोंड खळखळून घ्यावे, जोरात नव्हे. लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन बाहेरून दात व तारा दोन वेळा घासाव्यात. हे टाळले तर आठवड्यात दुर्गंधी सुटते आणि जखम चिघळते. तारेचे टोक गालाला टोचत असेल तर दवाखान्यातून मिळणारे मऊ मेण त्यावर दाबून बसवावे. ओठांना व्हॅसलिन लावावे. खर्रा, तंबाखू, बिडी बंद. त्यामुळे जखम भरत नाही. ज्याचे तोंड खर्ऱ्यामुळे आधीच कमी उघडत होते, त्याने ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. सहा आठवडे बंद राहिलेले तोंड त्याला उघडणे फार जड जाईल.

मनाचाही विचार करावा. बोलता न येणारा माणूस लवकर चिडतो. हाक मारण्यासाठी बैलाच्या गळ्यातली घंटी त्याच्या हाताशी द्यावी, लिहिता येत असेल तर पाटी द्यावी. घरचे जेवताना त्याला दूर बसवू नये, पण त्याच्यासमोर तळणही तळू नये. रात्री अचानक गुदमरल्यासारखे वाटले तर उठून बसावे, ओठ विलग करून दातांच्या फटीतून सावकाश श्वास घ्यावा. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब सोडावेत. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया झालेल्याने मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाक जोराने शिंकरू नये. उपवासकाळ असला तरी आजाऱ्याला उपवासाचे बंधन नाही, आणि ख्रिस्तशरीर कसे घ्यावे याची चिंता असेल तर फादरांना आधी कळवावे. अगदी लहान तुकडा पाण्याबरोबर, किंवा केवळ द्राक्षारसाच्या रूपात ते देता येते. यासाठी मिस्सा चुकवण्याचे कारण नाही.

शेतात चालून येण्यास हरकत नाही. पण ओझे उचलणे, वखर धरणे, मस्तीखोर बैलाजवळ जाणे सहा आठवडे तरी नको. आणि पऱ्हाटीवर फवारणी तर मुळीच नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. त्या विषाने लाळ सुटते व उलट्या होतात. बांधलेल्या तोंडाच्या माणसाला ते दुप्पट घातक. हंगाम हातचा जातो ही तळमळ आम्ही जाणतो. अशा घरची एक-दोन फवारणी शेजाऱ्यांनी वाटून घेतली तर फार मोठे काम होत नाही.

तिसऱ्या दिवसानंतर ताप, उतरलेली सूज पुन्हा वाढणे, पू किंवा घाण वास, न थांबणारे लाल रक्त, दात पूर्वीसारखे न जुळणे, तार तुटणे किंवा सैल होणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जावे. श्वासाला त्रास झाला तर १०८ ला फोन करावा. आरोग्यश्रीचे कागद व आधार कार्ड एका पिशवीत कटरशेजारीच टांगून ठेवावे.

तारा काढल्या की लगेच भाकर मोडता येत नाही. जबडा ताठलेला असतो, पहिल्या दिवशी एक बोटही जाणे कठीण. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा तोंड हळूहळू उघडावे, क्षणभर धरावे, मिटावे. थोडे ताणल्यासारखे वाटले तर चालते, कळ आली की थांबावे. आपल्याच हाताची तीन बोटे उभी दातांत मावू लागली की तोंड पुरेसे उघडले असे समजावे; कोणाला त्याला तीन आठवडे लागतात, कोणाला दोन महिने. पहिले काही आठवडे मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकर. भाजलेले शेंगदाणे, हुरडा व ऊस यांना मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबावे लागेल. आमचा तो शेतकरी संक्रांतीला मुलांच्या हातातला ऊस पाहत बसला होता. त्याने हुरडा खाल्ला तो पुढच्या वर्षी.