दाणा आपला, कडबा गाईचा

प्रश्न : ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च ग्लुकोजचा बनलेला असतो आणि कडब्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच, असं मुलाच्या पुस्तकात वाचलं. मग भाकरी पचते आणि कडबा का पचत नाही?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : साखर दोन्हींत एकच आहे, फरक आहे तो जोडणीत.

ग्लुकोजचा रेणू बहुतेक वेळा कड्याच्या रूपात असतो : पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन. दोन कडी जुळताना एकाच्या पहिल्या कार्बनचा दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनशी ऑक्सिजनच्या दुव्याने बंध होतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हे आपोआप घडत नाही. ग्लुकोज पाण्यात कितीही वेळ विरघळवून ठेवा, स्टार्च तयार होणार नाही. त्यासाठी झाडाला ऊर्जा खर्चून ग्लुकोज आधी क्रियाशील करावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या कार्बनवरचा दुवा कड्याच्या खालच्या बाजूला असेल तर तो अल्फा बंध, वरच्या बाजूला असेल तर बीटा. एवढ्याशा फरकाने सगळं पालटतं. अल्फा बंधांची साखळी वळत जाऊन मळसूत्रासारखी होते, तिला फांद्याही फुटतात, हा स्टार्च. त्या वळणांत आयोडीन शिरलं की गडद निळा रंग येतो. बीटा बंधांत मात्र प्रत्येक कडं शेजारच्याच्या तुलनेत उलटं बसतं, म्हणून साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात आणि चिवट तंतू बनतो. कापसाच्या तंतूत जवळजवळ ९० टक्के सेल्युलोजच असतं. कडब्यात त्याला लिग्निनचीही जोड असते.

आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर अल्फा बंधच तोडू शकतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तो त्यातून सुटलेल्या माल्टोजमुळे. बीटा बंधांच्या सेल्युलोजवर अमायलेज चालत नाही आणि ते तोडणारं दुसरं विकर आपलं शरीर बनवत नाही.

गाईचं शरीरही ते बनवत नाही! तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, रुमेनमध्ये, राहणारे सूक्ष्मजीव हे काम करतात. सेल्युलोजमधून सुटलेलं ग्लुकोजही तेच वापरून टाकतात आणि ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं मागे सोडतात. गाय प्रामुख्याने त्या आम्लांवर जगते. ॲसेटिक आम्लापासून दुधातल्या स्निग्धांशाचा बराच भाग तयार होतो. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत पुन्हा ग्लुकोज घडवतं, आणि कासेत त्यातूनच दुधाची साखर, लॅक्टोज, तयार होते. लॅक्टोजमधला बंधही बीटाच असतो, पण तो तोडायला तान्ह्या बाळाच्या आतड्यात लॅक्टेज नावाचं वेगळं विकर असतं. मोठेपणी अनेकांमध्ये ते कमी होतं. दूध प्यायल्यावर पोट फुगण्याचं ते एक कारण आहे.