मॅटवरची मर्दुमकी

‘फाइव्ह वुड घेऊ की हायब्रिड?’ हा प्रश्न क्लबहाउसमधल्या चहाच्या टेबलावर टाकून बघा. तासभर खल होईल, जो तो आपल्याच बॅगेची वकिली करील आणि विचारणारा आला तसा परत जाईल. मी या दोन्हींचे पैसे मोजले आहेत, एक क्लब तोट्यात विकलाही आहे. त्या व्यवहारात जे पदरात पडलं, ते पन्नाशीनंतर गोल्फकडे वळलेल्या माझ्यासारख्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे चार शब्द.

मुळात हा प्रश्न पडतो का? आमच्या वयाचा, बेताच्या ताकदीचा माणूस ड्रायव्हरने 190-200 यार्ड मारतो. पार-4 चं होल 380-400 यार्डांचं असलं की दुसऱ्या फटक्यालाही तेवढंच अंतर उरतं. पूर्वी या कामाला थ्री आयर्न, फोर आयर्न असत. त्यांचं डोकं पातळ, लॉफ्ट कमी आणि चेंडू उंच उडवायला स्विंगमध्ये जो वेग लागतो, तो आपल्याकडे नसतो. हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये हे आयर्न येतच नाहीत, सेट पाच नंबरपासून सुरू होतो. वर जी जागा रिकामी राहते ती कशाने भरायची, एवढाच खरा सवाल.

माझ्यापुरता तो एका दुकानातल्या सिम्युलेटरने सोडवला. एसीची थंडगार खोली, समोर पडदा, पायाखाली हिरवी मॅट. विक्रेता मुलगा आदबशीर. त्याने आधी 19 अंशांचा हायब्रिड हातात दिला, मग 15 अंशांचा थ्री वुड. माझे चारदोन चेंडू बरे बसले आणि पडद्यावर वुडचा आकडा हायब्रिडच्या बराच पुढे गेला. ‘काका, डिस्टन्स बघा ना,’ तो म्हणाला. आकड्याशी कोण भांडणार? वुड घरी आला.

पावसाळा नुकताच सरला होता. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर हरळी चांगली पोसलेली, फेअरवेवरसुद्धा चेंडू गवतात थोडा खाली बसलेला. वुडचा फटका एक तर चेंडूच्या डोक्यावर बसायचा आणि चेंडू जमिनीलगत सरपटत जायचा, नाहीतर क्लब चेंडूच्या आधीच मातीत रुतायचा आणि चेंडू पन्नास यार्डांवर जाऊन बसायचा. रफमध्ये तर विचारूच नका. एकदा मी असाच वुडला हात घातला, तेव्हा बॅग घेतलेले मामा, ज्यांची हयात कॅडी म्हणून गेली आहे, शांतपणे म्हणाले, ‘साहेब, चेंडू बसलाय. सात नंबर मारा, पुढं येऊ.’ सात नंबर मारला. शंभरावर यार्ड पुढे आलो, तिथून ग्रीनवर आणि दोन पट. बोगी. त्याच जागेवरून वुडने माझे सहज सात व्हायचे.

मॅट काय लपवते

मग दुकानातले ते आकडे खोटे होते का? मुळीच नाही. यंत्राने जे घडलं तेच दाखवलं, फक्त ते मॅटवर घडलं होतं. मॅट कडक फरशीवर अंथरलेली असते. क्लब चेंडूच्या इंचभर मागे टेकला, तरी प्लास्टिकवरून घसरत पुढे जातो आणि चेंडूला बऱ्यापैकी भिडतो. गवतावर तोच क्लब त्याच इंचात माती खणतो. म्हणजे मॅट आपला सर्वांत नेहमीचा दोष माफ करते आणि त्याचा फायदा लांब शाफ्टच्या, रुंद तळाच्या वुडला जास्त मिळतो. मॅटवर वुड आणि हायब्रिड यांची तुलना केली की कौल बहुधा वुडकडेच झुकतो.

पुढे आमच्या कोचने एक सोपी युक्ती सांगितली. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर जाड ठिपका काढायचा, तो क्लबकडे तोंड करून ठेवायचा आणि गवतावरून मारायचं. ठिपक्याची शाई क्लबच्या फेसवर उमटते. माझ्या थ्री वुडच्या फेसवरचे ठसे बघण्यासारखे होते. एक टोकाला, एक हीलजवळ, दोन अगदी खालच्या कडेवर, मधोमध जवळपास काहीच नाही. मित्राचा हायब्रिड मागून घेतला, तर सगळे ठसे मध्यभागी दाटीवाटीने. माणूस तोच, स्विंग तोच.

दोघांची घडण

याचं कारण घडणीत आहे. थ्री वुडचा शाफ्ट साधारण 43 इंचांचा, फाइव्ह वुडचा 42 च्या आसपास. तीन नंबरच्या हायब्रिडचा मात्र 40 इंचांच्या आसपास, थ्री आयर्नपेक्षा फार तर इंचभर लांब. शाफ्ट जितका लांब तितकं डोकं वेगात फिरतं, पण फेसचा मध्य नेमका चेंडूवर आणणं तितकंच अवघड होतं.

डोक्याचंही तसंच. फेअरवे वुडचं डोकं समोरून मागे रुंद असतं, वजन खाली आणि बरंच मागे ठेवलेलं असतं, त्यामुळे चेंडू सहज उंच उडतो. हायब्रिडचं डोकं लहान आणि अरुंद, वजन फेसच्या जवळ. म्हणून सारख्याच लॉफ्टच्या जोडीत वुडचा चेंडू सहसा जास्त उंच आणि थोडा जास्त लांब जातो, हायब्रिडचा थोडा खालून आणि बहुतेकांच्या हातून जास्त सरळ.

मारण्याची रीतही वेगळी. वुडला चेंडू डाव्या टाचेच्या किंचित आत ठेवून गवतावरून झाडल्यासारखा स्विंग लागतो. हायब्रिड आयर्नसारखा मारायचा असतो. चेंडू मध्यापासून जरासा पुढे, फटका किंचित खाली उतरता, पुढे छोटा डिव्हट निघाला तरी चालेल. ‘हायब्रिड मला जमतच नाही’ म्हणणारे पुष्कळजण तो ड्रायव्हरसारखा उचलून मारायला जातात. क्लब बदलण्याआधी एवढं तपासून बघावं.

जमीन आधी बघा

पहिला सल्ला हाच. तुम्ही जिथे खेळता तिथे चेंडू कसा बसतो? पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत आपल्याकडच्या रफमधली हरळी क्लबच्या मानेला विळखा घालते. वुडचं रुंद डोकं तिथे अडतं आणि फेस वळतो. हायब्रिडचं डोकं विळ्यासारखं शिरून बाहेर पडतं. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी मिळालेल्या कोर्सवर जमीन टणक होते, काही ठिकाणी उघडी पडते. तिथे वुडचा तळ आपटून उसळतो आणि चेंडूच्या डोक्यावर फटका बसतो. इथेही हायब्रिड सोयीचा. खारघर व्हॅलीसारख्या डोंगराच्या कुशीतल्या कोर्सवर उतार असतात, तिथे चेंडू पायांच्या वर किंवा खाली आला की आखूड शाफ्टच बरा.

उलट तुमचे बहुतेक चेंडू कापलेल्या फेअरवेवर सपाट बसत असतील, पार-5 वर दुसरा फटका लांब मारायचा असेल, टीवरून ड्रायव्हरऐवजी काही हवं असेल, तर वुडसारखा क्लब नाही.

चेंडू उतरतो कसा

यार्डांच्या नादात हा मुद्दा हमखास सुटतो. 170 यार्डांवरून ग्रीनवर टाकलेला चेंडू तिथे थांबलाही पाहिजे. ज्यांचा स्विंग संथ आहे, त्यांचा हायब्रिडचा चेंडू कधीकधी एवढ्या खालून येतो की कडक ग्रीनवर टप्पा खाऊन मागच्या बंकरमध्ये जातो. अशांना सेव्हन वुड, म्हणजे 21 अंशांच्या आसपासचा फेअरवे वुड, जास्त मानवतो. चेंडू उंचावरून उभा उतरतो आणि लवकर थांबतो. वय झाल्यावर वापरायचा क्लब म्हणून त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही. 2020 चं मास्टर्स जिंकताना डस्टिन जॉन्सनच्या बॅगेत सेव्हन वुड होता आणि तो जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एक.

वाऱ्याचा हिशेब उलटा. कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लबच्या कोर्सवर समुद्राचा वारा समोरून आला की उंच चेंडू हवेतच लटकतो. तिथे हायब्रिडचा खालचा चेंडू कामाला येतो.

हायब्रिडचं एक दुखणंही सांगायला हवं. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा चेंडू त्याने डावीकडे वळण्याची खोड अनेकांना जाणवते, कारण त्याचा लाय वुडपेक्षा उभा असतो. ज्यांचा चेंडू उजवीकडे स्लाइस होतो त्यांना ही खोड फायद्याची, ज्यांचा मुळातच डावीकडे हुक होतो त्यांना डोकेदुखी. हुकवाल्यांनी वुडकडे वळलेलं बरं.

मोठ्यांच्या बॅगा

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं दोन्हीकडची देता येतात. 2004 मध्ये रॉयल ट्रून इथे टॉड हॅमिल्टनने अर्नी एल्सला प्लेऑफमध्ये हरवून ब्रिटिश ओपन जिंकली, तेव्हा ग्रीनच्या भोवतालच्या आखूड गवतातून तो हायब्रिडने पटसारखे फटके मारत होता. 2009 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये हेझल्टिनच्या शेवटच्या होलवर वाय. ई. यांगने दोनशेहून अधिक यार्डांवरून हायब्रिडने चेंडू झेंड्याजवळ आणला आणि टायगर वुड्सला मागे टाकलं.

पण आपल्याला शिकण्याजोगं उदाहरण आहे अदिती अशोकचं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 2021 साली, ती चौथी आली, पदक अवघ्या एका फटक्याने हुकलं. ड्राइव्हच्या लांबीत ती तिथल्या मागच्या खेळाडूंत होती. इतर जणी जिथून मधले-आखूड आयर्न मारत, तिथून अदिती हायब्रिड आणि फेअरवे वुडने ग्रीन गाठत होती. लांबी कमी असली की या क्लबशिवाय गत्यंतर नाही, आणि अचूक वापरले तर त्यांच्या जिवावर जगातल्या पहिल्या चारांत येता येतं. आपल्या खेळाचं गणित तिच्या गणिताशी जुळतं, डस्टिन जॉन्सनच्या नाही.

फट मोजा, मग क्लब घ्या

नियमाप्रमाणे बॅगेत 14 च क्लब ठेवता येतात. जास्त निघाला तर स्ट्रोक प्लेमध्ये ज्या होलवर चूक झाली त्या प्रत्येक होलला दोन फटक्यांचा दंड, एका राउंडला जास्तीत जास्त चार. तेव्हा प्रत्येक क्लबने आपली जागा कमावली पाहिजे.

एका सकाळी रेंजवर जाऊन तुमचा सर्वांत लांब जाणारा भरवशाचा आयर्न सरासरी किती जातो ते लिहून काढा. मग ड्रायव्हरचं. मधली फट भरायला दोन किंवा तीन क्लब लागतील, आणि त्यांच्यात निदान दहा यार्डांचा फरक हवा. संथ स्विंगला इथेच फटका बसतो. 15 अंशांचा थ्री वुड आणि 18 अंशांचा फाइव्ह वुड सारखेच अंतर जातात, कारण थ्री वुडचा चेंडू पुरेसा वर चढतच नाही. कधीकधी फाइव्ह वुडच पुढे जातो. म्हणून आमच्या गटातल्यांनी 15 अंशांचा नाद सोडावा, 18 पासून सुरुवात करावी. आणि क्लबवरच्या नंबरवर विसंबू नये, तळावर कोरलेला लॉफ्टचा आकडा वाचावा. एका कंपनीचा चार नंबर दुसरीच्या तीन नंबराएवढा असू शकतो.

घेताना

नव्या, नावाजलेल्या क्लबला आज सहज 20 हजारांच्या वर मोजावे लागतात, तेव्हा चाचणीला लाजू नका. डेमो क्लब मागा आणि गवतावर मारायला मिळेल तिथेच न्या. तीन ठिकाणांहून मारा. एक फेअरवेवरून, एक रफमधून, एक उघड्या कडक जमिनीवरून. मार्करचा ठिपका विसरू नका. सोबत कोच किंवा जाणता कॅडी असला तर उत्तम, कारण चेंडू कुठे पडला याबाबत आपली नजर आपल्याला सवलत देते.

शाफ्टही बघा. संथ स्विंगला हलका, लवचीक शाफ्ट लागतो. मित्राला मानवलेला स्टिफ शाफ्ट तुम्हाला मानवेलच असं नाही. वापरलेला क्लब घेत असाल तर ज्याच्याकडून घेताय तो खात्रीचा असू द्या, नकली माल बाजारात पुष्कळ आहे.

आणि हिशेब करताना सर्वांत लांब गेलेला चेंडू वहीतून खोडून टाका. प्रत्येक क्लबने मारलेले सर्वांत वाईट तीन चेंडू कुठे पडले ते लिहा. ज्याचे वाईट चेंडूसुद्धा पुढच्या फटक्याला खेळता येतील अशा जागी राहतात, तो क्लब घ्या. या हिशेबाने माझा थ्री वुड गेला. बॅगेत आता 18 अंशांचा वुड आहे तो टीसाठी आणि सपाट फेअरवेसाठी, आणि 22 व 25 अंशांचे दोन हायब्रिड बाकी सगळ्यासाठी. तुमचं उत्तर वेगळं निघेल. ते गवतावरून निघालेलं असलं म्हणजे झालं.