सत्तवणिज्जा : मुक्या जिवांचा बाजार

विहारात आपण पंचशील म्हणतो. पहिल्या शीलाचा अर्थ विचारला तर लहान मूलही चटकन सांगते, जीवहिंसा करायची नाही. पण पुढचा प्रश्न विचारला की मोठी माणसेही गप्प बसतात. जीव मारला नाही, नुसता विकत घेतला आणि पिंजऱ्यात ठेवला, खाऊपिऊ घातले, तर त्यात वावगे काय?

याचे उत्तर सम्यक आजीविकेत शोधावे. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात भगवान बुद्धांनी पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. हा नियम तुमच्याआमच्यासारख्या संसारी उपासकासाठी आहे. त्यातील दुसऱ्या व्यापाराला पालीत सत्तवणिज्जा म्हणतात. सत्त म्हणजे सत्त्व, जीव. अट्ठकथाकारांनी याचा अर्थ मनुष्यविक्री असा दिला. त्या काळी दासदासींची खरेदीविक्री होत असे, तेव्हा तो अर्थ योग्यच होता. परंतु मूळ शब्द मनुष्यापुरता नाही. शेळ्यामेंढ्या, कोंबड्या, डुकरे, हत्ती, घोडे यांचा दान म्हणूनही स्वीकार करण्यापासून तथागत अलिप्त होते, असे दीघ निकायात आहे. सुत्त विक्रेत्याला उद्देशून आहे हे खरे. पण गिऱ्हाईकच नसेल तर दुकान कोण मांडील? ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या वेठीला धरले गेले, त्याला तरी हे फोड करून सांगायला नको.

हा बाजार दूर कोठे नाही. अंधेरीशेजारच्या सहार विमानतळाच्या मालवाहू विभागात ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मलेशियाहून आलेला माल उघडला. कागदोपत्री ते शोभेचे मासे होते. आत निघाले अजगर, सरडे, कासवे, इग्वाना असे ६६५ प्राणी. त्यांतील ११७ मेलेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच विमानतळावर एका प्रवाशाच्या चाकांच्या बॅगेत प्लॅस्टिकच्या खोक्यात कोंबलेले पाच सियामांग गिबन सापडले. गिबन हा वानर आपला लांबचा भाऊबंद. नर, मादी आणि पिले असे कुटुंब करून तो झाडांवर राहतो आणि सकाळी मोठ्याने साद घालतो. त्याचे पिलू आईच्या पोटाला बिलगलेले असते; ते हवे असेल तर पारधी बहुधा आधी आईलाच मारतो. म्हणजे ‘मी तर जीव वाचवून पाळतो’ असे म्हणणाऱ्याच्या पिंजऱ्यामागे एक हत्या अगोदरच झालेली असते. त्याच वर्षी जूनच्या आरंभी थायलंडहून आलेल्या प्रवाशाजवळ इंडोनेशियातील ४४ विषारी साप सापडल्याची बातमी आली. विषारी साप घरात कोणाला हवेत? पण हवे असणारे आहेत, आणि त्यांच्याजवळ पैसाही आहे.

यात कायद्याची एक फट होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुख्यतः आपल्या देशातील प्राणीपक्ष्यांना संरक्षण दिले. दुर्मिळ प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणारा करार १९७५ पासून अमलात आहे आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. तरी परदेशी प्राणी एकदा विमानतळाबाहेर पडला की त्याला विचारणारे फारसे कोणी नसे. २०२२ च्या दुरुस्तीने ही फट बुजवली. १ एप्रिल २०२३ पासून त्या कराराच्या यादीतील परदेशी प्राणी पाळणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक झाले.

आता देशी प्राण्यांकडे वळू. पोपट घरोघरी दिसतो म्हणून तो कायदेशीर आहे, असा आपल्या चाळींतून सार्वत्रिक समज आहे. तो चूक आहे. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट वन्य पक्षी आहे. तो विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे दोन्ही गुन्हा आहे. त्याची पिले झाडाच्या ढोलीतून काढतात. मुनिया पक्ष्यांना तर रंगात बुडवून विकतात, म्हणजे मुलांना ते काही नवलाचे पाखरू वाटावे. मुंबईतील या धंद्याचे जुने ठिकाण क्रॉफर्ड मार्केट. त्या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे, हे आठवले की मान खाली जाते.

चांदण्यांची नक्षी असलेले कासव आणि मांडूळ यांची गोष्ट अधिक खेदाची आहे, कारण त्यांना लोभाइतकीच अंधश्रद्धा मारते. कासव घरात ठेवले की लक्ष्मी येते म्हणतात. मांडूळ हा बिनविषारी, उंदीर खाणारा, शेतकऱ्याचा मित्र. शेपटी बोथट असल्यामुळे तो दुतोंडी वाटतो, एवढेच. पण त्याने पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडते अशा थापा मारून वजनावर त्याचे भाव ठरवतात. दुसरे तोंड खरे वाटावे म्हणून शेपटीवर डागण्याही देतात. पैशांचा पाऊस पडत असता तर तो विकायला आणणारा स्वतः कशाला वणवण फिरला असता? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने एवढा प्रश्न विचारला तरी मांडुळाचा जीव वाचेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या गुन्ह्यात संशय आधी फासेपारध्यावर जातो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. जाळे टाकणाऱ्याला मिळतात चार पैसे, नफा राहतो मधल्या दलालाकडे आणि हौस भागते बंगल्यात. विमानतळावरही सापडतो तो पुष्कळदा बॅग वाहणारा. आपल्या वस्तीतल्या बेकार तरुणाला ‘फुकट बँकॉक पाहून ये, येताना एवढी बॅग आण’ असे सांगणारा भेटला, तर घरच्यांनी त्याला वेळीच अडवावे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आहे. ती दलाल भोगत नाही.

शेवटी, ज्यांच्या घरी असा प्राणी आधीच आहे त्यांच्यासाठी. मुलांच्या हट्टापायी मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले, नाण्याएवढे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव पुष्कळ घरांत असते. ते मूळ अमेरिकेतले. वाढून ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. त्याच्या अंगावरील जंतूंमुळे मुलांना जुलाब-ताप होतो, म्हणून खुद्द अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. भांडे पुरेनासे झाले की लोक ते तलावात सोडतात, वर जीवदानाचे पुण्य मिळाले असे मानतात. पूर्वेकडील काही बौद्ध देशांतही ही चाल आहे. पण परके कासव आपल्या पाण्यातील देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. एकाला सोडून दहांना उपाशी मारण्यात करुणा कसली? त्याला पवईच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही तलावात सोडू नये. नवे कासव आणू नये. आणलेले आहे त्याला मोठी टाकी, ऊन घ्यायला कोरडी जागा द्यावी, हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. देशी पोपट, चांदणी कासव किंवा मांडूळ असेल तर मात्र ते स्वतः जंगलात नेऊन सोडू नये आणि लपवूनही ठेवू नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला अन्न शोधता येत नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्यांच्या स्वाधीन करावे.