पिशवी काढल्यावर हार्मोनच्या गोळ्या

प्रश्न : वय ४४. दोन वर्षांपूर्वी गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशये काढली. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्यात. जाऊबाई म्हणतात, कॅन्सर होतो. घेऊ का?
– एक भगिनी, शिरूर अनंतपाळ

उत्तर : ताई, घाबरू नका. ही भीती २००२च्या अमेरिकी अभ्यासातून पसरली. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे ८ रुग्ण जास्त आढळले. पिशवी काढलेल्यांना नुसते इस्ट्रोजेन देतात. त्यांच्यात हा धोका वाढला नाही. उलट इतक्या लवकर अंडाशये गेली की हाडे ठिसूळ होतात, म्हणून पन्नाशीपर्यंत गोळ्या हिताच्याच. मात्र पिशवी कशासाठी काढली, तो डिस्चार्जचा कागद डॉक्टरांना दाखवा. कधी स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गाठ झाली असेल, तर आधीच सांगा. जाऊबाईंची पिशवी शाबूत असेल, तर त्यांना तुमची गोळी देऊ नका. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीच्या कॅन्सरचा धोका वाढतो.