फेडणाऱ्याचें काय ?

विद्यार्थ्याचें कर्ज माफ करावें म्हटलें कीं मैंदर्गीचे पालक विचारतात, "ज्यानें फेडलें, त्याचें काय ?" प्रश्न रास्त आहे. २०१७ सालच्या शेतकरी कर्जमाफींत सरकारनें नियमित फेडणारांसहि कर्जाच्या २५ टक्के, परंतु जास्तींत जास्त २५,००० रुपये, देऊं केले.

परंतु सर्व देणीं एका मापाचीं नसतात. १९१३ सालीं आंबेडकर बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. परतल्यावर दहा वर्षें संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. १९१७ सालीं ते रुजू झाले, तों शिपाई कागद दुरून फेकीत आणि शहरांत राहावयास जागा मिळेना ! नोकरी सुटली, पुढें संस्थानानें पैसे मागितले. ते न घेणें यास माफी म्हणणेंहि आम्हांस रुचत नाहीं. करार पाळूं इच्छिणाऱ्यास ज्या कचेरींत उभें राहूं दिलें नाहीं, तिनें त्याच्याकडे मागावें तरी काय ?