टाकी दोन फुटी, मासा एक फुटी

प्रश्न : उल्हासनगरच्या एका दुकानातून दोन-दोन इंचांचे दोन ऑस्कर मासे आणले. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दुकानदार म्हणाला, ‘मासा टाकीच्या मापानंच वाढतो.’ खरं का?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : दुकानदारालाही कुणीतरी असंच सांगितलं असणार! लहान टाकीत मासा खुंटतो हे खरं, पण माप बघून नव्हे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. पाणी थोडं असलं की ही घाण भराभर साचते, भूक मरते, वाढ रखडते. तो मासा टाकीत मावलेला नसतो, आजारी असतो.

तुमच्या टाकीत काठोकाठ भरलं तरी 56 लिटर पाणी. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. नीट पोसला तर वर्ष-दीड वर्षात फूटभर होतो. फूटभर रुंदीत त्याला धड वळताही येणार नाही.

‘माशाच्या इंचाला एक गॅलन पाणी’ हा हिशेब गप्पी-टेट्रांसारख्या छोट्या माशांचा. इंचभर मासा बारा इंची झाला, की लांबी बारापट, पण जाडी आणि उंचीही तेवढीच वाढल्याने वजन सुमारे 1,728 पट. खाणं आणि घाण वाढते ती वजनामागे.

एका ऑस्करला निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी हवी, म्हणजे साधारण 255 लिटर. दोघांना रुंदी-उंची दोन-दोन फूट करा, 450 लिटर. पैसे उंचीपेक्षा रुंदीत घाला. वळायला जागा आणि पाण्याला हवा तिथूनच मिळते. झाकण मात्र जड हवं, ऑस्कर उडी मारतो.

आता घराचा विचार. 450 लिटर म्हणजे 450 किलो. काच-स्टँड धरून अर्ध्या टनाच्या वर, तेही पाऊण चौरस मीटरवर. घरातली स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो धरून आखतात. म्हणून टाकी भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे ठेवा. उल्हासनगर-अंबरनाथकडच्या जुन्या, गळक्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. तळमजल्यावर ही चिंता नाही.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं म्हणजे शंभरावर लिटर, तेही क्लोरीन काढून. पाणीकपातीत तेवढं साठवाल का?

‘नाहीच जमलं तर उल्हास नदीत सोडू’ हा बेत मात्र नको. उजनी धरणात जाळ्यात सापडणारे सकर मासे मूळचे टाकीतलेच. त्यापेक्षा तुमचे ऑस्कर बोटभर आहेत तोवर दुकानात परत करा. फूटभर ऑस्कर फुकटही कुणी घेत नाही.