पावरी असो वा भावगीत, ॲप कोणते?

सुरगाण्याचे एक वाचक पावरी या आदिवासी वाद्याच्या सुरांपासून जुन्या भावगीतांपर्यंत सारे मोबाइलवरच ऐकतात. कोणत्या ॲपचा आवाज सर्वांत चांगला, असा त्यांचा प्रश्न आहे.

कागदावर ॲपल म्युझिक बरीच वर्षे पुढे होते. २०२१पासून ते मूळ ध्वनिमुद्रणातले काही न गाळता गाणे देते. स्पॉटिफायनेही २०२५मध्ये काही प्लॅनमध्ये तशी सोय आणली; त्याची ‘व्हेरी हाय’ पातळी ३२० केबीपीएसची, तर यूट्यूब म्युझिकची कमाल २५६. मात्र नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनवर आवाज पुन्हा दाबला जातो आणि हा फरक बहुतेकांना जाणवतही नाही.

खरी मेख मूळ मुद्रणात असते. ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. त्या काळच्या मुद्रणांत जे उतरलेच नाही, ते कोणतेही ॲप आणून देणार नाही. गर्दीत मोबाइलवर टिपलेल्या पावरीचेही तसेच.

तुलना करायचीच तर गाणे एकच हवे, हेडफोन वायरचा आणि आवाजाची पातळी समान. किंचित मोठा आवाजही कानाला सरस वाटतो.

‘ऑटोमॅटिक’ पर्याय मात्र बंदच करावा. घाटात रेंज घसरली, की तो गुपचूप दर्जा उतरवतो. ३२० केबीपीएसचे चार मिनिटांचे गाणे साधारण साडेनऊ एमबी भरते. चांगले नेटवर्क मिळेल तिथे ते आधीच डाउनलोड करून ठेवावे.